गच्चीवरची दुसरी गाडी

सुरतेत प्लेगची भीती पसरली त्या वर्षी बायको मुलीला घेऊन गावी गेली, ती परत आलीच नाही. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. भीती ओसरली, पळून गेलेले लोक गाड्या भरभरून परतले, गोडादऱ्यातल्या आमच्या चाळीच्या खोल्यांची कुलपं एकेक करून निघाली. मी तिला आणायला पारोळ्याजवळच्या आमच्या गावी गेलो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नही येस आते तठे. पोर आठेच शाळामा जाई."

मी दोन दिवस थांबलो. सासऱ्यांना मध्ये घातलं. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी तेच म्हणायची. तिसऱ्या दिवशी मी एकटाच सुरतेला परतलो. चार-सहा महिन्यांत तिचं मन वळेल असं तेव्हा वाटलं होतं.

मी मोटारी बांधायचो. म्हणजे जळलेली मोटार आली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसायची, वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तांब्याच्या तारेचे घालायचे, वॉर्निश पाजायचं आणि मोटार पुन्हा फिरती करायची. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या मोटारी, पाण्याचे पंप, पंखे. दुकान उधन्याच्या रस्त्याला होतं. मालक गुजराती, स्वभावानं चांगला पण बोलण्यात कंजूष. दिवसभर आम्ही दोघं पाठीला पाठ लावून काम करायचो आणि सगळी मिळून दहा वाक्यं बोलायचो. खोलीवर आलं की तीही नाहीत. शेजारपाजारचे सगळे लूमवर जाणारे, पाळ्यांचे गुलाम. एकजण कामावर गेलेला असायचा, तर दुसरा डोक्यावर चादर ओढून झोपलेला.

एक दिवस साड्यांच्या मार्केटमधला एक व्यापारी खोका घेऊन दुकानात आला. आत एक गाडी होती. हातभर लांब, चार जाडजूड काटेरी टायर, वर टवका उडालेलं प्लास्टिकचं टप, आणि सोबत लांब अँटेनाचा रिमोट. "खिलौना मत समझना," तो म्हणाला, "सिंगापुर से मंगवाई है. मोटर जल गई." मालकानं माझ्याकडं बोट दाखवलं.

मोटार मोठ्या लिंबाएवढी होती. आजवर मी बांधलेल्या कित्येक मोटारी दोन माणसांनी उचलायच्या, ही तळहातावर मावत होती. आत तीन खांब, प्रत्येकावर सत्तावीस वेढे. दुकान बंद व्हायच्या आधीचा तासभर काढून मी ती तीन दिवसांत बांधली. तारा जोडल्या तेव्हा ती अशी सूंसूं करत फिरली की पाठमोरा मालकसुद्धा वळून बघायला लागला. पण व्यापारी काही आला नाही. दोन महिन्यांनी मालकानं फोन केला तर तिकडून उत्तर आलं, मुलगा आता कम्प्युटर मागतोय, गाडी तुमच्याकडंच राहू द्या. मालक म्हणाला, "तू ले जा. अहीं जग्या नथी." दुकानात जागा नाही म्हणून ती गाडी माझ्या खोलीवर आली.

पहिले काही आठवडे मी तिला नुसती उलगडत होतो. आतले सगळे स्क्रू वाटीत, गिअर ताटात, चाकं पाटावर. जिथं कधीकाळी माझी बायको भाज्या निवडायची तिथं मी त्या गाडीचे भाग पुसत बसायचो. बॅटरी मेली होती, म्हणून इमर्जन्सी लाइटमधले सेल आणून डाग देऊन जोडले. चार्जरचा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः बांधला. चाकांच्या वर छोटे पिचकारीसारखे शॉक-अब्सॉर्बर होते, त्यांतलं तेल गळून गेलं होतं. शिलाई मशीनचं तेल घातलं, तर गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली. मग एरंडेल घातलं, तर हलेचना. शेवटी एरंडेल आणि शेंगदाण्याचं तेल मिसळून जमलं. उन्हाळ्यात एरंडेल थोडं जास्त, थंडीत कमी. हे प्रमाण मला कुणी शिकवलं नाही, आणि मी ते शिकल्याचं सांगावं असंही कुणी नव्हतं.

गोडादऱ्याच्या मागं तेव्हा शेतांचे नुकतेच प्लॉट पाडले होते. घरं उठली नव्हती. कच्चे रस्ते, कोपऱ्यांवर पुरलेले दगड, मधे काळी टणक जमीन. दर रविवारी दुपार कलली की मी तिथं जायचो. पहिल्या दोन-तीन रविवारी चाळीतले लोक बघायला आले. "किती पळते?" "पाण्यात चालते का?" एवढं विचारून त्यांचं समाधान झालं. मग मी एकटाच. पण खरं सांगायचं तर गाडी हातात असली की मला कुणी नसल्याचं जाणवायचं नाही. ती वळताना मागून किती घसरते, पुढची चाकं केसभर आत वळवली की सरळ रस्त्यावर कशी धावते, यातच दोन तास जायचे. बॅटरी संपली की मात्र एकदम सगळं शांत व्हायचं. गाडी पिशवीत घालून परत निघताना खोलीची वाट नको वाटायची.

पावसाळा संपल्यानंतरच्या एका रविवारी गाडी थरथरायला लागली. सरळ जाताना मधेच डावीकडं झटका, मग उजवीकडं. कुठली तरी तार सैल झाली असं समजून मी गाडी विटेवर ठेवली, म्हणजे चाकं अधांतरी राहतील, आणि रिमोट बंद करून तपासायला बसलो. रिमोट माझ्या शेजारी बंद पडलेला होता आणि गाडीची पुढची चाकं सावकाश डावीकडं वळली. थोडा वेळ तशीच राहिली. मग सरळ झाली. मागची चाकं जोरात फिरली, थांबली, उलटी फिरली.

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कारण ती गडबड नव्हती. तारेचा दोष आंधळा असतो, तो वाटेल तसा झटके देतो. हे कुणीतरी जाणूनबुजून वळवत होतं. जवळपास कुठंतरी माझ्यासारखाच रिमोट होता, त्याच फ्रिक्वेन्सीवरचा, आणि तो चालवणाऱ्या माणसाची बोटं माझ्या गाडीच्या चाकांत दिसत होती.

मी रिमोट पुन्हा चालू केलाच नाही. विटेपाशी मांडी घालून बसलो आणि चाकं थांबेपर्यंत बघत राहिलो.

पुढच्या रविवारी तेच. या वेळी मी मुद्दाम थोडा वेळ माझी गाडी चालवली, आणि मग बंद करून विटेवर ठेवली. दोन-तीन मिनिटांनी चाकं हलली. तिकडच्या माणसाचीही गाडी माझ्यामुळं थरथरत असणार आणि तो थांबत असणार, हे माझ्या लक्षात आलं. मग आमचं न बोलता ठरूनच गेलं. थोडा वेळ मी, थोडा वेळ तो. त्याची पाळी असली की मी विटेवरच्या चाकांकडं बघत मनातल्या मनात त्याची वाट आखायचो. सहा मोजेपर्यंत सरळ, मग डावीकडं. तीन मोजेपर्यंत सरळ, पुन्हा डावीकडं. मग परत सहा, परत तीन. आणि दर फेरीत एका कोपऱ्याआधी उजवीकडं छोटीशी बगल. चार-पाच रविवार बघितल्यावर चित्र स्पष्ट झालं. लांबट चौकोन, आणि त्यात काहीतरी आडवं येणारं. ती गच्ची होती. आड येत होती ती पाण्याची टाकी.

प्लॉटांच्या कडेनं जाणाऱ्या खाडीच्या पलीकडं तीन मजली इमारतींची एक रांग होती. तिथं पाच गच्च्या होत्या. पुढच्या रविवारी गाडी चालू ठेवूनच पिशवीत घालून, तिची अँटेना बाहेर काढून मी खाडीवरचा छोटा पूल ओलांडला. चौथ्या इमारतीखाली उभा राहिलो आणि वरून गिअरचा आवाज ऐकू आला. तो आवाज मी कुठंही ओळखला असता.

जिने चढून गच्चीत पोचलो तर टाकीच्या सावलीत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. बंडी, लेंगा, मांडीवर रिमोट. त्यांची लाल गाडी टाकीला वळसा घालून येत होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीतून वर आलेल्या अँटेनाकडं. रिमोटवरचा अंगठा डावीकडं सरकवला. माझ्या पिशवीत चाकं करकरली.

"तो ए तू छे?" ते म्हणाले.

"हो काका. मीच."

"बेस, खाली बस. मला वाटलं होतं कोणी तरी मोठा शेठ असेल."

त्यांचं मराठी गिरणीतलं होतं. सूतगिरणीत फिटर म्हणून जन्म गेला, हाताखाली सगळे खानदेशी, त्यामुळं अर्धं बोलणं आमच्यासारखंच. गिरणी बंद पडली. बायको वारली. मुलगी सासरी, मुलगा परदेशात, त्यानं येणाऱ्या कुणासोबत तरी ही गाडी पाठवली होती. गुडघे गेले होते. राहायचे तिसऱ्या मजल्यावर. गच्चीचा एक जिना कसाबसा चढायचे, पण खालचे तीन उतरणं होत नव्हतं. रस्त्यावर पाय ठेवून वर्ष उलटून गेलं होतं.

"गाडी थरथरली की मी बंद करायचो," ते म्हणाले. "म्हटलं, कोणी तरी आहे. चालवू दे त्याला."

"मीपण," मी म्हणालो.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी दर रविवारी त्या गच्चीवर गेलो. एका फ्रिक्वेन्सीवर दोन गाड्या एकदम चालत नाहीत, म्हणून एकानं चालवायची आणि दुसऱ्यानं बघायची. त्यांना नजर होती. मी वळणात शिरून मग वेग कमी करायचो. ते म्हणायचे, "आधी सोड. शिरायच्या आधी हात सोड. आत गेल्यावर ती तुझं ऐकत नाही." माझ्या मोटारीचा आवाज ऐकून सांगायचे, आतला कार्बनचा ब्रश घासलाय. मी त्यांची मोटार नव्यानं बांधून दिली, तर त्यांनी ती उन्हात धरून प्रत्येक वेढा बघितला आणि म्हणाले, "गिरणीत असतास तर तुला माझ्या खात्यात घेतला असता." इतकं मोठं कौतुक मला सुरतेत कुणी केलं नव्हतं.

बाकी आम्ही फारसं बोलायचो नाही. एकदाच त्यांनी विचारलं, "घरवाळी कागळ लखे छे?"

"मुलगी लिहिते," मी म्हणालो. "तिच्या पत्रात खाली एक ओळ तिच्या आईची असते."

"एक लाइन पण घणी, खूप झाली," ते म्हणाले आणि रिमोट माझ्या हातात दिला.

मग त्यांच्या मुलाकडून एक छोटं पाकीट आलं. आत दोन क्रिस्टल होते, बोटाच्या पेराएवढे. ते बदलले की गाडीची फ्रिक्वेन्सी बदलते. काकांनीच ते मागवले होते, माझ्यासाठी. खूप खूश होते. "आता तू मैदानात चालव, मी इथं चालवतो. दोघं एका वेळी. कोणी कोणाला अडवायचं नाही."

तसंच झालं. माझी गाडी आता थरथरत नव्हती. मैदान मोकळं, पूर्ण वेगानं जाता यायचं. काका कठड्याशी उभे राहून टॉवेल हलवायचे, मी खालून हात करायचो. सुरुवातीला बॅटरी संपली की मी वर जायचो. मग एखाद्या रविवारी उशीर झाला म्हणून गेलो नाही. मग दोन रविवार गेलो नाही. चार जिने, पूल ओलांडून जाणं, पुन्हा येणं. ते मला बघतायत ना, मी हात केलाय ना, असं मी स्वतःला सांगायचो. एकटेपणानं मी वैतागलेला माणूस, आणि मिळालेल्या सोबतीचा मला इतक्यात कंटाळा आला होता. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

दिवाळीला मी गावी गेलो आणि गाडी सोबत नेली. अंगणात ठेवली तर बायको चुलीपुढून उठून आली. "हाई काय शे?" तिनं विचारलं. मी रिमोट तिच्या हातात दिला. तिनं गाडी सरळ कडब्याच्या गंजीत घातली आणि तोंडाला पदर लावून हसली. किती तरी दिवसांनी तिला हसताना बघितलं. मुलगी गाडीमागं धावत सुटली होती. संध्याकाळी भांडी घासता घासता बायको म्हणाली, "तठे एकलाच खेयतस का तुमी?"

"एक काका शेतस तठे," मी म्हणालो.

"मंग बरं शे." खरंच तिच्या जिवाला बरं वाटलेलं दिसलं.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काकांना सांगून आलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं तर मुलीला ताप भरला. गोवर निघाला. चार दिवसांसाठी गेलेला मी जवळजवळ महिनाभर थांबलो. दुकानात एसटीडी बूथवरून फोन करून कळवलं. काकांकडं फोन नव्हता. पत्र टाकावं असं एकदा मनात आलं, पण इमारतीचं नावसुद्धा मी कधी नीट वाचलं नव्हतं.

सुरतेला परतलो त्याच दिवशी पूल ओलांडून गेलो. तिसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं.

"ते पडले," त्या गुजरातीत म्हणाल्या. "दोन-तीन रविवार गच्चीवर जाऊन बघत होते. म्हणायचे, खाली गाडीवाला दिसत नाही, त्याला काय झालं असेल. मी म्हटलं, गावी गेला असेल. तर म्हणाले, मला सांगितल्याशिवाय जाणार नाही तो. एक दिवस कुणाला न सांगता खाली उतरायला निघाले. दुसऱ्या जिन्यावर पाय सरकला. कमरेचं हाड मोडलं. त्यांची मुलगी आली आणि बडोद्याला घेऊन गेली."

"बडोद्यात कुठं?"

त्यांना माहीत नव्हतं. घर रिकामं करायला मुलगी येईल तेव्हा विचारते म्हणाल्या. मी कागदावर दुकानाचा पत्ता लिहून दिला. खाली दोन ओळी लिहिल्या, मुलगी आजारी होती, चूक झाली, मी भेटायला येतो. पुढचे कितीतरी रविवार मी त्या दारात जाऊन विचारत होतो. मग एकदा गेलो तर कुलपाच्या जागी नवं कुटुंब होतं. काकांची मुलगी कामाच्या दिवशी येऊन सामान घेऊन गेली होती. चिठ्ठी दिली, असं समोरच्या बाई म्हणाल्या. दुकानावर पत्र आलं नाही. काकांनी ती चिठ्ठी वाचली की नाही, वाचून मनात काय आलं, ते मला कधीच कळलं नाही. दोनदा मी बडोद्याला जायचं ठरवलं. पण एवढ्या मोठ्या शहरात नुसतं काका म्हणून कुणाला विचारणार. मला त्यांचं आडनावही माहीत नव्हतं.

काही महिने गाडीला हात लावावासा वाटला नाही. मग प्लॉटवर पाया खोदायला सुरुवात झाली, एकेक घर उठलं आणि मैदानच राहिलं नाही. दशक संपता संपता मी दुकान सोडून इच्छापोरच्या एका कारखान्यात मोटारींच्या देखभालीच्या कामाला लागलो, कंत्राटावर. राहायलाही तिकडंच. बायको गावीच राहिली. आम्ही पुढंही बरीच वर्षं दोन ठिकाणीच काढली. पत्रातली तिची एक ओळ हळूहळू तीन-चार ओळींची झाली, पण "या" असं ती लिहायची आणि "येते" असं कधी लिहायची नाही.

इच्छापोरला कारखान्यामागं हजिऱ्याच्या बाजूचा एक अर्धवट डांबरी रस्ता होता, पुढं कुठंच न जाणारा. सुट्टीच्या दिवशी मी गाडी तिथं न्यायला लागलो. खाऱ्या हवेनं बेअरिंग गंजायची, दर आठवड्याला काढून तेलात बुडवावी लागायची. वळणात शिरायच्या आधी हात सोडायची सवय मात्र पक्की झाली होती.

अशाच एका दुपारी मालानं भरलेला एक ट्रक रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, टायरला टेकून उकिडवा बसला आणि बघत राहिला. ट्रकवर कुठल्या तरी दूरच्या राज्याची पाटी होती. त्यानं काहीही विचारलं नाही, किती पळते नाही, कुठून आणली नाही. अर्ध्या तासानं उठला, कपडे झटकले, मला हात केला आणि निघून गेला. त्याला बोलवावं, रिमोट त्याच्या हातात द्यावा, असं मला तो वळणापलीकडं दिसेनासा झाल्यावर सुचलं. मी गाडी परत बोलावली आणि बॅटरी संपेपर्यंत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत राहिलो.